अंगाला रोज लागतं किती? वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरं

दिवाळीचा फराळ संपला की या सदराकडे वजनाची पत्रं सुरू होतात. या खेपेला त्यांत एक बदल दिसला. पूर्वी बहुतेकांचा प्रश्न असायचा, "काय खाऊ आणि काय सोडू?" आता लोक मोबाईलवर वय, उंची, वजन भरून दिवसाच्या कॅलरीचा आकडा काढतात आणि विचारतात, "हा आकडा खरा धरायचा का?" मला हे मनापासून आवडलं. आपल्या अंगाला लागतं किती, हे माहीत नसताना 'कमी खा' हा सल्ला म्हणजे नुसतीच शिक्षा असते. म्हणून आजचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : वय ४२, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. रंकाळा टॉवरजवळ राहते, पतसंस्थेत काउंटरला आहे. रोज सकाळी रंकाळ्यावर पाऊण तास चालते. मोबाईलवर 'बैठं काम' निवडलं तर १,५८९ कॅलरी येतात, 'थोडी हालचाल' निवडलं तर १,८२० आणि 'मध्यम हालचाल' निवडलं तर २,०५२. रोज चालते म्हणून मी 'मध्यम' धरलं, ५०० वजा केले आणि दोन महिने १,५५० कॅलरीवर आहे. वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं. माझं चयापचय मंद आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं काहीही तुमचं चयापचय मंद असल्याचं सांगत नाही. हिशेब कुठे चुकतो ते सविस्तर सांगते, कारण निम्म्याहून जास्त पत्रांत हीच अडचण आहे.

कॅल्क्युलेटर दोन पायऱ्यांत आकडा काढतो. पहिली पायरी म्हणजे काहीही न करता, नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणारी ऊर्जा. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं आणि श्वास चालू ठेवायला ती लागते. सध्या सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं आहे. ते १९९० साली अमेरिकेतल्या ४९८ निरोगी माणसांच्या मोजमापांवरून मांडलं गेलं. कागद-पेन्सिलीनं करता येईल इतकं ते सोपं आहे. किलोतल्या वजनाला १० नं गुणा, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ नं गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि तीतून वयाच्या पाचपट वजा करा. बाई असेल तर आणखी १६१ वजा करायचे, पुरुष असेल तर ५ मिळवायचे. तुमचं गणित असं : ७२० अधिक ९७५, वजा २१०, वजा १६१, म्हणजे १,३२४. ही पायरी बऱ्यापैकी भरवशाची आहे. भारतीयांत हा आकडा थोडा कमी भरतो असं आपल्याकडच्या अभ्यासांत दिसलं आहे, पण फरक फार मोठा नाही.

चूक होते ती दुसऱ्या पायरीवर. तिथे या आकड्याला हालचालीच्या गुणकानं गुणतात : १.२, १.३७५, १.५५ आणि पुढे. तुमचेच आकडे पाहा. 'बैठं' आणि 'मध्यम' यांत ४६३ कॅलरींचं अंतर आहे. वजन उतरावं म्हणून तुम्ही वजा केले ५००. म्हणजे यादीतली एक ओळ चुकीची निवडली की सगळी काटछाट तिथंच संपते, आणि तुम्ही दोन महिने अर्धपोटी राहून प्रत्यक्षात जवळजवळ होता तिथंच राहता. तुमचा निर्धार मला पत्रात दिसतोय, तो असा वाया जायला नको.

मग तुम्ही नेमक्या कुठे बसता? पाऊण तासाचं चालणं मोजू. बऱ्यापैकी वेगानं चालताना शरीर स्वस्थ बसण्याच्या साधारण साडेतीनपट ऊर्जा वापरतं. त्यातला एक भाग तुम्ही घरी बसून राहिलात तरी लागलाच असता, म्हणून चालण्याची खरी कमाई अडीचपट धरायची. स्वस्थ बसलं तर दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी लागते, म्हणून अडीच गुणिले ७२ किलो गुणिले पाऊण तास, म्हणजे सुमारे १३५ कॅलरी. चालणं सोडू नका, हृदयाला, सांध्यांना, रक्तातल्या साखरेला आणि मनाला त्याचा फार उपयोग आहे. पण १३५ कॅलरींच्या जोरावर ४६३ ची बढती मिळत नाही. उरलेल्या सव्वातेवीस तासांत तुम्ही काउंटरच्या खुर्चीत, रिक्षात, ओट्यापाशी आणि अंथरुणात असता, आणि आकडा ठरतो तो त्या तासांवर.

दुसऱ्या बाजूनंही पडताळून पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली आपल्या लोकांसाठी जे आकडे ठरवले, त्यांत बैठ्या कामाचा गुणक १.४, मध्यम कामाचा १.८ आणि कष्टाच्या कामाचा २.३ आहे. त्यानुसार ५५ किलोच्या बाईला दिवसाला अनुक्रमे १,६६०, २,१३० आणि २,७२० कॅलरी लागतात, आणि ६५ किलोच्या पुरुषाला २,११०, २,७१० आणि ३,४७०. यातलं 'मध्यम काम' म्हणजे दिवसाचा बराच भाग उभ्यानं, हातपाय चालवत काम करणाऱ्याचं काम, हे लक्षात घ्या. तुमच्या १,३२४ ला १.४ नं गुणलं तर १,८५० येतात. भारतीय शरीरासाठी थोडे कमी केले की साधारण १,७५०. मोबाईलच्या १,५८९ मध्ये चालण्याचे १३५ मिळवले तर १,७२४. दोन वाटांनी गेलो तरी आकडा १,७५० च्या आसपासच येतो. तो धरून चालू.

आता १,५५० खाल्ल्यावर रोज २०० ची तूट पडायला हवी होती, म्हणजे दोन महिन्यांत दीड किलो तरी. उतरला अर्धा. बाकीचा किलो माझ्या अंदाजानं तेलात आणि चहात आहे. तुम्ही पाठवलेल्या यादीत भाकऱ्या, भात, भाजीची वाटी सगळं लिहिलंय, पण तेलाचा उल्लेख एकदाही नाही. कोल्हापूरच्या घरात फोडणी सढळ असते, कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं, रश्श्यावर तवंग लागतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि ते शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं की करडईचं यानं काही फरक पडत नाही. रोजच्या कढईत चमचा मोजत बसू नका, महिन्याचा डबा मोजा. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल तर माणशी रोजचे ३८ ग्रॅम होतात, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तेच सव्वातीन लिटरवर आणलं तर माणशी २५ ग्रॅम. जेवणाची चव न बिघडवता हे जमतं. फोडणी तेवढीच ठेवा, वरून सोडलेलं कच्चं तेल आणि आठवड्यातलं तळण कमी करा. चहाचंही तसंच. म्हशीचं अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर घातली की एका कपाला शंभरभर कॅलरी होतात. पतसंस्थेत दिवसातून किती वेळा चहा येतो, ते तुम्हालाच माहीत.

यापुढे १,४०० च्या आसपास राहा, तेल आणि चहा धरून. रोज ३५० ची तूट पडली तर महिन्याला साडेदहा हजार. शरीरातल्या एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरतात, तेव्हा महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरायला हवं. याहून घाई करू नका. १,४०० कॅलरीत प्रथिनं कमी पडतात, म्हणून दोन्ही जेवणांत मटकी, मूग, हरभरा, दही, अंडं किंवा चिकन यांपैकी काहीतरी भरपूर असू द्या. अडीच भाकऱ्यांची दीड झाली आणि उसळीची एक वाटी दोन झाल्या, असा बदल करा.

आणि एवढं करूनही हा आकडा अंदाजच आहे. त्याची परीक्षा काट्यावर घ्यायची. आठवड्यातून तीन-चार दिवस, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. एका दिवसाच्या आकड्याकडे पाहून खूश किंवा नाराज होऊ नका. खारट खाल्लं, जागरण झालं की किलोभर पाणी अंगात थांबतं. पाळीच्या आधी तर हमखास थांबतं, म्हणून या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा. समजा चार आठवड्यांत ६०० ग्रॅम उतरले. ०.६ गुणिले ७,७०० म्हणजे ४,६२०, भागिले २८ दिवस, म्हणजे रोजची खरी तूट १६५. तुम्ही १,४०० खात असाल तर तुमचा खरा खर्च १,५६५ झाला. हा आकडा तुमच्या स्वतःच्या शरीरानं दिलेला आहे. तो आला की मोबाईलमधली यादी बंद करा आणि यावरूनच पुढचं ठरवा.

प्रश्न : मॅडम, मी जुना पैलवान. वय ३९, उंची १७६ सेंटिमीटर, आज वजन १०८. बाविसाव्या वर्षी ९२ वर लढत होतो. खांद्याच्या दुखापतीनं कुस्ती सुटली, आता दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. आठवड्यातून चार दिवस तासभर जिमला जातो. मोबाईलवर 'खूप हालचाल' टाकलं तर ३,४३० येतात आणि मी तेवढंच खातो. तरी वजन वाढतंय. लोक म्हणतात, पैलवानाचं शरीर मेहनत सोडली की फुटतंच. खरं आहे का?

उत्तर : पैलवान, शरीर आपोआप फुटत नाही. मेहनत थांबली आणि खुराक थांबला नाही, एवढंच झालंय.

दोन काळांचं गणित शेजारी शेजारी मांडते. बाविसाव्या वर्षी, ९२ किलोवर तुमची पडून राहण्याची गरज होती १,९१५ कॅलरी. आज, ३९ व्या वर्षी, १०८ किलोवर ती आहे १,९९०. म्हणजे ती कमी झालेली नाही, वजनामुळे उलट थोडी वाढली आहे. वयाचंही नीट समजून घ्या. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात जगभरातल्या ६,४०० हून जास्त लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास आला. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण जमेला धरलं तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर असतो, असं त्यात दिसलं. तेव्हा चाळिशीला दोष देऊ नका.

बदलला तो गुणक. पहाटे उठून जोर-बैठका, मातीतली लढत, दोर चढणं, संध्याकाळी पुन्हा मेहनत, अशा दिवसाला २.२ चा गुणक सहज लागतो. तेव्हा तुमचा खर्च ४,२०० च्या घरात होता आणि दोन लिटर दूध, थंडाई, तूप हे सगळं त्या आगीत जळून जात होतं. आज दुकानात गल्ल्यावर बसून गुणक १.४ झाला, खर्च सुमारे २,८००. जिममधल्या एका तासाची निव्वळ भर ३२५ च्या आसपास. चार दिवसांची ती भर आठवड्यावर पसरली की रोजचे १८५. म्हणजे एकूण २,९०० ते ३,०००. तुम्ही ३,४३० खाताय, रोज साडेचारशे जास्त. वजन वाढणारच.

तुम्ही लिहिलंय की सकाळी अजून दीड लिटर म्हशीचं दूध घेता, धारोष्ण मिळतं म्हणून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन. त्या कट्ट्याचं प्रेम मला समजतं, कोल्हापूरच्या माणसाला ते सोडा म्हणून सांगवत नाही. पण म्हशीच्या एक लिटर दुधात हजाराच्या वर कॅलरी असतात. दीड लिटर म्हणजे तुमच्या दिवसाच्या गरजेचा निम्मा भाग न्याहारीआधीच गेला. दूध अर्ध्या लिटरवर आणा, हजारभर कॅलरी जातील. त्या जागी चार अंड्यांचं पांढरं आणि दोन पूर्ण अंडी, किंवा दुपारी दीडशे ग्रॅम चिकन रस्सा कमी तेलात, असं घ्या. तुमचं उद्दिष्ट २,४०० कॅलरी आणि ११० ते १३० ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत तडजोड नको, कारण उतरायला हवी ती चरबी. तालमीत कमावलेले स्नायू राखायचे आहेत. जिममध्ये वजन उचलणं चालू ठेवा, खांदा सांभाळून.

महिन्याला दोन किलो उतरतील. पाच-सहा किलो उतरले की पुन्हा गणित करा. दहा किलो कमी झाले की पडून राहण्याची गरज शंभरनं घटते, आणि हालचालीचा खर्चही घटतो कारण अंगच हलकं झालेलं असतं. 'पहिले दोन महिने भराभर उतरलं, मग थांबलं' अशा तक्रारी येतात त्या यामुळे.

आणखी दोन कामं या आठवड्यात करा. बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर टेपनं मोजा. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. दुसरं, तुम्ही ओझरतं लिहिलंय की रात्री खूप घोरता आणि दुपारी दुकानात डुलकी लागते. झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. वजन उतरायची वाट पाहत हे लांबवू नका.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. वय २०, उंची १६०, वजन ५८. मैत्रिणीच्या लग्नाआधी ५० व्हायचं म्हणून ९०० कॅलरीवर आहे. सहा किलो उतरले, पण दोन महिने पाळी आलेली नाही आणि केस खूप गळतात. ८०० वर आलं तर लवकर होईल का?

उत्तर : नाही गं. आज रात्रीपासून मेसमध्ये पूर्ण जेव. हे पत्र वाचून मी सदराची वाट न पाहता तुला लगेच उत्तर पाठवलं आहे. इथे छापते आहे ते तुझ्यासारख्या इतर मुलींसाठी.

तुझं वजन आज, या क्षणी, तुझ्या उंचीला योग्य आहे. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की तुझा आकडा २२.७ येतो. आपल्याकडे २३ पर्यंत सर्वसाधारण धरतात. तुला वजन उतरवायची गरजच नाही. नुसतं पडून राहायला तुझ्या शरीराला १,३१९ कॅलरी लागतात आणि तू त्याला ९०० देतेस. वर्गात जाणं, जिने चढणं, अभ्यास हे सगळं त्याच्या वरचं. इतकी ओढाताण झाली की शरीर आधी ते थांबवतं ज्याच्यावाचून आज जगता येतं. पाळी थांबते, केस गळतात, पुढे हाडं पोकळ व्हायला लागतात. विसाव्या वर्षी हाडांत जे साठतं त्यावर पुढचं सगळं आयुष्य जायचं असतं.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी थांबण्याची इतरही कारणं असतात, तीही तपासायला हवीत. थायरॉइड, हिमोग्लोबिन, लोह पाहून घे. एकटीला जायला धीर होत नसेल तर आईला सांग किंवा वसतिगृहाच्या मॅडमना. आणि जेवताना भीती वाटत असेल, घास मोजले जात असतील, आरशासमोर रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांग. त्यावर उपचार आहेत आणि माणसं बरी होतात. तुझ्यासाठी सध्याचा आकडा आहे १,८०० ते २,०००, हळूहळू वाढवत नेलेला. मला पुन्हा लिही, मी वाट पाहते आहे.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. वय २९, उंची १६८, वजन ८४. कारखान्यातलं काम म्हणून 'अतिकष्ट' निवडलं, ३,३२५ कॅलरी आल्या. त्यातून ५०० वजा करून खातो, वजन कमी होत नाही.

उत्तर : तुम्ही पुढे लिहिलंय की सीएनसी मशीनवर आहात. मग 'कारखान्यातलं काम' एवढ्यावर थांबून चालणार नाही. त्याच आवारात भट्टीवर ओतकाम करणाऱ्याचा, साचे उचलणाऱ्याचा खर्च वेगळा आणि मशीन चालवणाऱ्याचा वेगळा. तुमच्यासाठी चोवीस तासांचा हिशेब जास्त बरोबर ठरेल. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हीच पद्धत वापरता येईल.

प्रत्येक कामाला एक पट असते. झोप १, बसून मोबाईल किंवा टीव्ही १.३, अंघोळ-जेवण-घरकाम साधारण १.८, दुचाकी चालवणं २.५, मशीनपाशी उभं राहून जॉब लावणं-काढणं २.२. तुमचे तास भरते : झोप ८, काम ८, गाडीवर १, बसून ५, बाकीचं २. गुणून बेरीज ३८.२ येते. चोवीसनं भागलं की १.६. हाच तुमचा गुणक. पडून राहण्याची गरज १,७५०, म्हणून दिवसाचा खर्च २,८०० च्या आसपास. ३,३२५ मधून ५०० वजा करून तुम्ही २,८२५ वर आलात, म्हणजे नेमके जेवढा खर्च तेवढंच खात राहिलात.

२,३०० वर या. रात्रपाळीत घरचा डबा रात्री अकराच्या आत संपवा आणि पहाटे तीनच्या वडापावाऐवजी फुटाणे आणि एक फळ न्या. शेंगदाणेही चालतील, पण मूठभर, कारण ३० ग्रॅम शेंगदाण्यांत दीडशेच्या वर कॅलरी असतात आणि मशीनपाशी पुडा उघडा राहिला की मुठी मोजल्या जात नाहीत. रात्रपाळीनंतर आठ तासांची झोप नीट होत नसेल तर भूक वाढते. खोलीला गडद पडदा लावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

प्रश्न : वय ६१, निवृत्त शिक्षक, कागल. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू आहेत. वजन ७९. मुलगा म्हणतो, १,२०० कॅलरीवर राहा. राहू का?

उत्तर : सर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन तुमच्या आजच्या जेवणाचा अंदाज धरून दिलेलं असतं. जेवण एकदम घटवलं आणि डोस तोच राहिला तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणं. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा, आहार किती कमी करणार ते सांगा, डोस बदलून घ्या आणि मग सुरुवात करा. तुमची उंची पत्रात नाही, त्यामुळे नेमका आकडा देत नाही, पण १,२०० हा तुमच्यासाठी फारच खाली वाटतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही वरचं कुठलंच गणित परस्पर वापरू नये.

प्रश्न : दर रविवारी आम्ही मित्र जोतिबाला पायी चढून जातो. घड्याळ ९०० कॅलरी जळाल्या म्हणून दाखवतं. उतरल्यावर मिसळ खातो. ९०० जळाल्यात म्हटल्यावर ती हिशेबात धरायची गरज नाही ना?

उत्तर : धरा. मनगटावरची घड्याळं नाडी चांगली मोजतात, कॅलरी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली अशी सात घड्याळं तपासली, तेव्हा त्यांतल्या सर्वांत बऱ्या घड्याळाचाही कॅलरीचा आकडा सरासरी २७ टक्के चुकला. शिवाय तेवढ्या वेळात तुम्ही घरी बसला असतात तरी जळल्या असत्या, त्या कॅलरीही बरीच घड्याळं मिळवून दाखवतात. मी ९०० चे निम्मे धरायला सांगते. फरसाण, कट आणि दोन-तीन स्लाइस ब्रेड मिळून मिसळीच्या पाचशे ते सातशे कॅलरी होतात. कटावर तवंग जाड असेल तर त्याहूनही जास्त. रविवारची मिसळ खुशाल खा, एक्स्ट्रा कट मागताना वरचा तवंग बाजूला काढायला सांगा, आणि त्या दिवशी दुपारचं जेवण ताक, काकडी आणि एका भाकरीवर ठेवा.